मेश्राम मॅडमचा गोंधळ

शिकवता शिकवता मेश्राम मॅडम मध्येच थांबायच्या, खडू टेबलावर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "थांबा जरा, मी गोंधळली." मग वर्गाकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. बाहेर बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, त्यापलीकडे पवनीचा जुना परकोट. त्यातलं त्या काही पाहत असाव्यात असं मला वाटत नाही. कधी थोड्या वेळाने परत येऊन "हां, सापडलं" म्हणत पुढे सुरू करायच्या, कधी "नाई सापडलं, उद्या पाहू" म्हणून डस्टर उचलून निघून जायच्या. नवीन मुलांना वाटायचं, बाईंना चक्कर आली. जुनी मुलं तोवर कँटीनमध्ये पोचलेली असायची.

एकदा कुणा पालकाने प्राचार्यांकडे तक्रार केली, की प्राणिशास्त्राच्या मॅडमना स्वतःलाच विषय येत नाही. प्राचार्यांनी मॅडमना बोलावलं. मी बाहेर स्टुलावर बसलो होतो, म्हणून मला हे ठाऊक. मॅडम म्हणाल्या, "सर, तक्रार बरोबर हाये. पन ज्याले वाटते का मले सारं समजलं, त्याले तुमी बोलावत नाई, अन् मले बोलावता. हे काही मले समजलं नाई." प्राचार्यही गोंधळले असावेत, कारण त्यांनी चहा मागवला.

मी आधी त्यांचा विद्यार्थी होतो. कसाबसा पास झालो आणि पुढे नशिबाने त्याच कॉलेजात प्रयोगशाळा परिचर म्हणून लागलो. मुलं बदलत गेली, मी तिथंच राहिलो. त्यामुळे मॅडमचा एकच धडा इतक्या वेळा ऐकलेला माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. तरी तो मला समजला आहे असं छातीठोकपणे म्हणायची माझी आजही हिंमत नाही. त्यातून मी सांगायला बसलो की आधीचं नंतर आणि नंतरचं आधी होतं. सांभाळून घ्या.

धडा होता अभिस्तराच्या पेशींचा. अभिस्तर म्हणजे आतड्याचं, मूत्रपिंडाचं, माशाच्या कल्ल्यांचं अस्तर. मॅडम सुरुवात पुस्तकी मराठीत करायच्या, पण विषय अंगात आला की थेट एकोडीला जाऊन पोचायच्या. साकोलीजवळचं एकोडी हे त्यांचं गाव, आणि तिथं शेताच्या बांधाला धुरा म्हणतात. "ह्या पेशी धुऱ्यावर रायतात," त्या म्हणायच्या. "एक तोंड घराकडं, एक तोंड भाईर. भाईर खारं आलं का गोडं आलं, पयले ह्यायच्या अंगावर." बाहेरचं पाणी अचानक अळणी झालं की ते पेशीत शिरतं आणि पेशी फुगते. इथवर मलाही कळायचं. "आता तुमच्या बांधीत पानी चढलं तं तुमी काय करता? धुरा फोडता. पेशीनं धुरा फोडला तं पेशीच मरन. पान्याले ढकलाले तिच्याजवळ हात नाईत. मंग ते सोताजवळचं मीठ भाईर टाकते. मीठ गेलं का पानी त्याच्या मांगं जाते." मीठ म्हणजे त्यात पोटॅशियम आलं, क्लोराइड आलं, आणखी काय काय आलं. फुगलेली पेशी अशी हळूहळू पूर्वीच्या मापावर येते, आणि गंमत म्हणजे बाहेरचं पाणी तोवर तसंच अळणी असतं. बाहेर खारट झालं तर सगळं उलट. पेशी आखडते, मग मीठ आत ओढते आणि पाणी त्याच्यामागून आत येतं.

मला मात्र नेहमी मागचं पुढे वाटायचं. आमच्या शेतात पाणी आधी जातं आणि युरिया त्याच्यामागे वाहून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं. तसं मी एकदा बोलून दाखवलं. मॅडमनी ते हसण्यावारी नेलं नाही. त्या म्हणाल्या, "भुरे, तुही बांधी बरोबर हाये अन् पेशीही बरोबर हाये. तूच मधात उभा हायेस." 

विद्यार्थी असतानाची एक गोष्ट सांगतो. गालाच्या आतली बाजू काडीने खरवडून तिथल्या पेशी काचपट्टीवर घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकातून पाहायच्या, हा सोपा प्रयोग. मॅडमचा धडा ऐकून मी भारावलो होतो. मी त्या पेशींवर मिठाचं पाणी सोडलं. पेशी सुरकुतली. आता ती परत आपल्या मापावर येणार म्हणून मी डोळा लावून बसलो. तास संपला, मुलं गेली, मी तसाच. मान अवघडली. शेवटी मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "काय पाहून राहिला?" मी म्हणालो, "मॅडम, ते वापस येत नाई." त्यांनी वाकून पाहिलं. "गालातून खरवडलेल्या पेशी भौतेक मेलेल्या रायतात रे. मेलेली आखडली का आखडलेलीच रायते. वापस येते ते जिती." मग त्यांनी माझ्याकडे फार मायेने पाहिलं. "पन तू वाट पाहिली, हे बरं केलं." मला वाटतं, ही परिचराची नोकरी मला त्या दिवशीच लागली. कॉलेजने ती नंतर दिली, इतकंच.

त्यांचा स्वतःचा प्रश्न वेगळाच होता. तरुणपणी नागपूरला त्यांनी बेडकाच्या मूत्राशयाच्या अस्तरावर काम केलं होतं, आणि तेव्हापासून तो प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसलेला. पेशीला आपलं पूर्वीचं माप कळतं कसं? फुगल्यावर इतकंच मीठ टाकायचं आणि इथं थांबायचं, हे तिला कोण सांगतं? एका वर्षी त्या हातात मासिक घेऊन जवळजवळ धावतच प्रयोगशाळेत आल्या. फुगलेल्या पेशीतून मीठ ज्या वाटांनी बाहेर पडतं, त्यातली एक महत्त्वाची वाट कशाची बनलेली असते, हे सापडलं होतं. त्यांनी डब्यातल्या करंज्या मला खायला लावल्या. माझी दुसरी करंजी संपेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. "दरवाजा तं सापडला, भुरे. पन दरवाजा उघडा म्हनून आवाज देते कोन?" आणि त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

मॅडमनी लग्न केलं नव्हतं. विहाराच्या गल्लीत त्या आणि त्यांची धाकटी बहीण सुलोचनाबाई, अशा दोघी राहायच्या. सुलोचनाबाई अंगणवाडी सेविका होत्या. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी लहानपणी खिचडी भरवलेली, त्यामुळे त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. मॅडमना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी लघवी जास्त व्हायची गोळी दिली, मीठ कमी करा म्हणून सांगितलं. सुलोचनाबाईंनी कमी वगैरे भानगड ठेवली नाही. घरातून मीठच हद्दपार झालं. भाजीत नाही, पेजेत नाही, लोणच्याची बरणी शेजारी गेली. गल्लीत सगळ्यांना ताकीद होती, "ताईले बीपी हाये, काही द्याचं असन तं बिना मिठाचं द्याचं." मॅडम मुकाट्याने जेवायच्या. विज्ञान कॉलेजात आणि सुलोचना घरात, अशी त्यांची वाटणी होती.

मग तो नवतपा आला, मे अखेरचे ते नऊ जळते दिवस. नवतप्यात आमच्याकडे दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. कॉलेजात उन्हाळी परीक्षेची प्रात्यक्षिकं चालू होती. मॅडम मुलांच्या मध्ये उभ्या होत्या. एकाएकी हातातली काचपट्टी खाली ठेवून म्हणाल्या, "थांबा, मी गोंधळली," आणि खिडकीशी गेल्या. त्या दिवशी त्या परत वळल्याच नाहीत. मुलं वाट पाहून पाहून आपापलं काम करत राहिली. मी मनात म्हटलं, आज मोठा प्रश्न पडलेला दिसतो. शेवटी मीच त्यांना ऑटोत बसवून घरी सोडलं. वाटेत त्यांनी विचारलं, "भुरे, बेडकं कुठी ठेवले?" आमच्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षांत बेडूक आलेला नव्हता. मला वाटलं, नागपूरच्या आठवणीत असतील.

घरी सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, ताईला ऊन लागलं. उन्हावर औषध काय, तर पन्हं आणि पाणी. कैऱ्या उकडल्या गेल्या, गूळ पडला. मीठ कुणी टाकलं नाही. जो तो शेजारी भेटायला यायचा तो आपल्या हाताने पेला भरून द्यायचा, आणि मॅडम कुणाला नाही म्हणत नसत. सकाळची गोळीही चालू होती, कारण ती चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यांची जीभ जड झाली, डोकं दुखू लागलं. "मी गोंधळली, मी गोंधळली," असं त्या सारख्या म्हणायच्या आणि आम्ही हसून मान डोलवायचो. जन्मभर ऐकलेलं वाक्य. सुलोचनाबाई म्हणायच्या, "तिचा हा जुनाच रोग हाये," आणि आणखी एक पेला पाजायच्या. एखाद्या दुसऱ्या बाईने तेच शब्द उच्चारले असते तर तिला पहिल्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं.

मी दुसऱ्यांदा भेटायला गेलो तेव्हा मॅडम सुलोचनाबाईंकडे बोट दाखवून मला हळूच म्हणाल्या, "ह्या बाई कोन हायेत? बऱ्या हायेत बिचाऱ्या." सुलोचनाबाईंच्या हातातला पेला तसाच राहिला. गल्लीतली गाडी काढून आम्ही भंडाऱ्याला पोचेस्तोवर मॅडम पूर्ण गुंगीत गेल्या होत्या.

रक्त तपासून आलं. तरुण डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. अंगातलं सोडियम फार खाली गेलंय, म्हणाले. रक्त अळणी झालं म्हणून पाणी मेंदूच्या पेशींत शिरलं आणि त्या फुगल्या. गोळी बंद, वरून पाणी बंद, आणि खारट सलाइन अगदी हळू चढवायचं. सुलोचनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "म्हंजे आमी पानी पाजून पाजून केलं हे?" डॉक्टरांनी समजावून सांगितलं, गोळीने मीठ लघवीवाटे गेलं, उन्हात घामावाटे गेलं, जेवणातून आलं नाही, आणि वरून पाणी पडत राहिलं. बाईंना त्यातलं फक्त पाणी ऐकू आलं असावं.

बाटलीतून थेंब पडत होते आणि मॅडम डोळे उघडत नव्हत्या. दुसरा दिवस गेला. सुलोचनाबाईंना ते बघवेना. नात्यातल्या कुणीतरी सुचवलं, हे डॉक्टर नवखे आहेत, नागपूरला हलवा, तिथं झटपट चढवतात. गाडीही ठरली. निघण्याआधी बाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "भुरेभाऊ, तुमी सायन्समधले. खरं सांगा. मीठ कमी झालं तं मीठ द्याचं, एवढी सीधी गोष्ट हाये. मंग हे थेंब थेंब काहून सोडून राहिले?"

मी काच धुणारा माणूस. पण सायन्समधलं म्हणावं असं तिथं दुसरं कुणी नव्हतं. मी डोळे मिटून फळा आठवू लागलो. फळ्यावरची पेशी मला दिसली. ती फुगते, आतलं मीठ टाकते, पाणी त्याच्यामागे जातं. की पाण्यामागे मीठ? नाही, मीठ आधी. म्हणजे इतक्या दिवसांत मॅडमच्या पेशींनी आपल्याजवळचं बरंच बाहेर टाकलेलं असणार. आता बाहेर एकदम खारट केलं तर? आत पाणी धरून ठेवायला काही उरलेलंच नाही. ती आखडणार. "बाई," मी म्हणालो, "पेशीनं अळनी पान्याची सवय करून घेतली हाये. त्याच्यासाठी तिनं आतलं सामान भाईर टाकलं. ते वापस जमवाले तिले टाईम लागते. आता घाई केली तं ते आखडन, अन् मेंदूतली आखडली तं मंग काही खरं नाई." सुलोचनाबाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. "हे ताई सांगत होती?" मी म्हणालो, "मॅडमच सांगत होत्या." बाईंनी गाडी परत पाठवली. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं तेव्हा मला घाम फुटला, कारण मी उलटं बोललो असतो तरी बाईंनी माझंच ऐकलं असतं.

मॅडम आल्या त्या अशाच थेंबाथेंबाने. आधी डोळे उघडले. मग बहिणीला "सुलू" म्हणून हाक मारली, आणि सुलोचनाबाई तोंडाला पदर लावून बाहेर निघून गेल्या. मला ओळखायला आणखी वेळ लागला. कळू लागल्यावर त्यांनी डॉक्टरांना सोडियम कसकसं वर चढलं ते विचारलं, त्यांनी कागदावर रेघ काढून दाखवली आणि मॅडम ती रेघ न्याहाळत बसल्या. मला वाटलं, आता त्या म्हणणार गोंधळली. पण त्या म्हणाल्या, "मले भूक लागली."

घरी आल्यावर एक नवीनच पंचाईत झाली. मॅडमनी "मी गोंधळली" म्हणायचा अवकाश, सुलोचनाबाई धावत यायच्या, शेजारचा पोरगा ऑटो काढायचा आणि कुणीतरी नाडी बघायला लागायचं. पुढे पुढे त्यांनी घरात तो शब्दच टाकून दिला. त्या निवृत्त झाल्या तरी दुपारी कॉलेजात येत. मी स्टूल पुसून द्यायचो. त्या म्हणायच्या, "भुरे, दार लाव. मले गोंधळाचं हाये." मी दार लावायचो. मग त्या खिडकीशी आणि मी बेसिनशी, असा आमचा वेळ छान जायचा.

अशाच एका दुपारी त्यांनी विचारलं, "भुरे, खरं सांगजो. पेशी वापस आपल्या मापात येते, पन त्याच्यासाठी तिनं काहीबाही फेकलेलं रायते. माप तेच, आतलं तेच नाई. माहं काय फेकल्या गेलं, मले कसं दिसन? तुले दिसते का?"

मला दिसत होतं. पूर्वी मॅडम माझ्या धुतलेल्या काचा रोज उजेडात धरायच्या आणि मला असं झापायच्या की काही विचारू नका. आजारपणापासून त्या एकदाही रागावल्या नव्हत्या. उलट थँक यू म्हणायच्या, आणि ते मला फार लागायचं. मी म्हणालो, "मॅडम, तुमी मले रागावत नाई आता."

"मी रागावत होती?"

"रोजच."

"काहून?"

"काचा नीट धुत नव्हतो म्हनून."

त्या उठल्या. ट्रेमधली एकेक काचपट्टी उचलून खिडकीकडे धरून पाहू लागल्या. सगळी पाहून झाली. "ह्या तं चकाचक हायेत. कवापासून?"

मला आठवावं लागलं. त्या दवाखान्यात असताना कॉलेजला सुट्टी लागली होती. मला घरी बसवेना, म्हणून मी प्रयोगशाळा उघडून होत्या तेवढ्या काचा धुवून काढल्या होत्या. झाल्या की परत धुवायचो. तेव्हापासून हाताला तशीच सवय लागली. मी त्यांना सांगितलं. मॅडम ट्रेकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे. "मंग बदललं कोन?" त्या म्हणाल्या. "मी का तू?" त्या खुशीत दिसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना असा मनासारखा प्रश्न मिळाला होता.

मी दुसऱ्या दिवशी एका काचेवर बोटांचे ठसे तसेच ठेवले. मॅडमनी काच उजेडात धरली. त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि माझा जीव सुपाएवढा झाला. पण आठी लगेच उतरली. "हे तू मुद्दाम ठेवली." मी हो म्हणालो. "मंग हा प्रयोग बाद," त्या म्हणाल्या, आणि पदराने काच पुसून त्यांनी ती ट्रेमध्ये ठेवली.

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या गेल्या. हृदय बंद पडलं. सोडियमशी याचा काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुलोचनाबाईंनी ते पुन्हा पुन्हा विचारून घेतलं. जलदान विधीला जुने विद्यार्थी लांबून लांबून आले. एकाने भाषणात सांगितलं, की मॅडमच्या शिकवण्यात कधी गोंधळ म्हणून नसे. मी आजूबाजूला पाहिलं, तर सगळे माना डोलवत होते.

जेवणाच्या आधी सुलोचनाबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. चुलीपाशी भाताची गंजं होती, बायकांची ये-जा चालली होती. त्या मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. "भुरेभाऊ, ते पन्हं माह्या हातचं होतं. सारे पाजत होते, पन जास्त मीच पाजलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "ताई मंग पयलेसारखी झाली होती ना? तुमी रोज पाहत होते. पूर्ण आली होती ना वापस?"

"हो बाई," मी म्हणालो. "पूर्ण. होत्या तश्शा."

बाईंनी माझा हात धरून ठेवला, मग सोडला, आणि त्या वाढायला गेल्या. इतकं ठाम मी आयुष्यात दुसरं काही बोललो नसेन, आणि नेमकं तेच मला ठाऊक नाही.